मंत्रालय समजून घ्यायचं तर अटी वाचायला शीक

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

पर्यावरण मंत्रालयात किंवा त्याच्या आसपास काम करायचं तुझ्या मनात आहे, आणि हे मंत्रालय नेमकं करतं काय, असं तू विचारलं आहेस. थोडक्यात उत्तर दिलं तर तुझा हिरमोड होईल: ते मुख्यतः परवानग्या देतं. वाघ मोजणं, जंगलाचे नकाशे काढणं, वनस्पतींची नोंद ठेवणं ही कामंही त्याच्या संस्थांमध्ये चालतात. पण दिल्लीत जोरबाग रस्त्यावरच्या इंदिरा पर्यावरण भवनात ज्या फायलींवर खरी रस्सीखेच होते, त्या मंजुरीच्या. आणि मंजुरी बहुतेक वेळा मिळतेच. म्हणून ‘होकार की नकार’ यात फार अडकू नकोस. कोणत्या अटींवर होकार मिळाला आणि पुढे त्या अटींचं काय झालं, हे विचारायची सवय लाव. मंत्रालयाची ताकदही तिथे आहे आणि दुबळेपणाही तिथेच.

आधी थोडा इतिहास, कारण अधिकार कुठून आले हे कळलं नाही तर ते कुठे संपतात हेही कळत नाही. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘पर्यावरण’ नावाचा विषय आजही नाही. पाणी, जमीन, सार्वजनिक आरोग्य हे विषय राज्यांचे. जंगल आणि वन्यजीवही 1976 पर्यंत राज्यांकडेच होते. 42 व्या घटनादुरुस्तीनं ते समवर्ती सूचीत आले, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल अशा विषयांच्या यादीत, आणि त्याच दुरुस्तीनं पर्यावरण जपणं हे राज्यसंस्थेचं आणि नागरिकांचं कर्तव्य सांगणारी कलम 48-अ आणि 51-अ (छ) घटनेत घातली. मग केंद्रानं पर्यावरणाचे कायदे केले तरी कसे? 1974 चा जल कायदा कलम 252 खाली झाला, म्हणजे काही राज्यांच्या विधानमंडळांनी ‘आमच्या वतीनं तुम्ही कायदा करा’ असे ठराव केल्यावर. 1981 चा वायू कायदा आणि 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा हे कलम 253 च्या आधारानं झाले. आंतरराष्ट्रीय परिषदेतले निर्णय अमलात आणण्यासाठी संसदेला कायदा करता येतो, असं ते कलम सांगतं. ती परिषद म्हणजे जून 1972 ची स्टॉकहोमची. दोन्ही कायद्यांच्या उद्देशिकेत तिचा उल्लेख आहे. पाठ्यपुस्तकांत स्टॉकहोम एखाद्या सणासारखं येतं आणि जातं. प्रत्यक्षात केंद्राच्या अधिकाराची मुळी तिथे आहे.

जाता जाता एक गोष्ट. त्या परिषदेला यजमान स्वीडनचे पंतप्रधान सोडले तर इंदिरा गांधी या एकट्याच शासनप्रमुख हजर होत्या. ‘गरिबी हीच सर्वांत मोठी प्रदूषक’ असं त्या तिथे म्हणाल्या, हे अजून सर्रास सांगितलं जातं. त्यांचं वाक्य विधान नव्हतं, प्रश्न होता, आणि तो श्रीमंत देशांना उद्देशून होता. असली ऐकीव वाक्यं तू मूळ भाषण वाचल्याशिवाय वापरू नकोस.

महाराष्ट्र या बाबतीत दिल्लीच्या आधी जागा झाला होता. राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा 1969 चा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना 7 सप्टेंबर 1970 ची. केंद्रात 1972 साली विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीत एक समन्वय समिती नेमली गेली, पितांबर पंत तिचे अध्यक्ष. सल्ला देण्यापलीकडे तिला फारसं काही करता येत नव्हतं. 1980 मध्ये नारायण दत्त तिवारी यांच्या समितीनं स्वतंत्र विभागाची शिफारस केली आणि 1 नोव्हेंबर 1980 ला पर्यावरण विभाग सुरू झाला. त्याच्या आठवडाभर आधी वन संवर्धनाचा अध्यादेश निघाला होता: वनजमीन वनेतर कामासाठी द्यायची तर केंद्राची पूर्वमंजुरी हवी. केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या जंगलातल्या जलविद्युत धरणाचा वाद तेव्हा ऐन भरात होता.

1985 मध्ये वन आणि वन्यजीव हे विषयही जोडले जाऊन पूर्ण मंत्रालय झालं. पुढे मुख्य निवडणूक आयुक्त म्हणून गाजलेले टी. एन. शेषन हे त्या पहिल्या वर्षांत त्याचे सचिव होते. भोपाळची वायुगळती 2 डिसेंबर 1984 च्या रात्रीची. जल आणि वायू कायदे असूनही एवढा धोकादायक कारखाना शहरात कोणत्या अधिकारानं चालला आणि कोणत्या अधिकारानं थांबवता आला असता, याचं धड उत्तर कोणाकडे नव्हतं. त्यातून 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. 19 नोव्हेंबर 1986 पासून तो लागू आहे. 2014 मध्ये मंत्रालयाच्या नावात ‘हवामान बदल’ आलं.

हा 1986 चा कायदा तू मुळातून वाच. अवघी 26 कलमं आहेत, एका बैठकीत होतात. कलम 3 नं केंद्राला पर्यावरणाच्या रक्षणासाठी ‘आवश्यक ते सर्व उपाय’ करायचा अधिकार दिला. कलम 5 नं उद्योग बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा आदेश काढायचा अधिकार दिला. कलम 25 नं नियम करायचा. बस. पर्यावरणीय मंजुरीची पद्धत, किनाऱ्यावरच्या बांधकामाचे सीआरझेड नियम, प्लॅस्टिक आणि ई-कचऱ्याचे नियम, माथेरान किंवा महाबळेश्वर-पाचगणीसारखे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील प्रदेश, हे सगळं या कायद्याखालच्या अधिसूचनांमधून उभं आहे. यातलं काहीही बदलायला संसदेत जावं लागत नाही. राजपत्रातली एक अधिसूचना पुरते. एरवी नियमांनुसार मसुदा प्रसिद्ध करून 60 दिवस हरकती मागवाव्या लागतात, पण सार्वजनिक हिताचं कारण देऊन तीही पायरी गाळता येते.

त्याखाली आणखी एक थर आहे, कार्यालयीन ज्ञापनांचा. सगळे त्याला ‘ओएम’ म्हणतात. दोन पानांचा ओएम निघतो आणि अधिसूचनेतल्या एका शब्दाचा अर्थ बदलतो. म्हणून कोणताही दावा करताना आधी बघ की तुझ्या हातात काय आहे: कायदा, नियम, अधिसूचना की ओएम. आणि त्यावरची शेवटची दुरुस्ती कधीची. नवशिक्यांची सर्वांत जास्त फजिती इथे होते. पर्यावरणीय मंजुरीची 2006 ची अधिसूचना मूळ रूपात वाचतात आणि त्यानंतरच्या ढीगभर दुरुस्त्या बघतच नाहीत. न्यायालयाचा निकालसुद्धा शेवटचा धरू नकोस. आधी काम आणि मागून मंजुरी, ही वाट मार्च 2017 च्या अधिसूचनेनं आणि 2021 च्या एका ओएमनं उघडली होती. सर्वोच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये दोन्ही रद्द केली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं तोच निकाल मागे घेतला. सहा महिन्यांत पाया दोनदा हलला. जुन्या टिपणांवर विसंबलेला माणूस इथे तोंडावर आपटतो.

आता मंजुरीकडे. लोक ‘पर्यावरणाची परवानगी’ असं एकच नाव घेतात, पण निरनिराळ्या दारांतून निरनिराळे कागद मिळतात. पर्यावरणीय मंजुरी, म्हणजे ईसी, 1986 च्या कायद्याखाली. वनजमीन वळवायची मंजुरी 1980 च्या वन कायद्याखाली, तीही दोन टप्प्यांत: तत्त्वतः आणि मग अंतिम. अभयारण्याचा संबंध असेल तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची स्थायी समिती. किनाऱ्यावर सीआरझेड. आणि या सगळ्यानंतर राज्याच्या प्रदूषण मंडळाचं चालवण्याचं संमतीपत्र, आणि जिथे लागतं तिथे उभारणीचंही. एक कागद मिळाला म्हणून दुसरा मिळाल्यात जमा होत नाही. वृत्तपत्रात ‘प्रकल्पाला केंद्राची मंजुरी’ असं वाचलंस की पहिला प्रश्न हा: कोणती?

ईसीची पद्धत 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेत आहे. प्रकल्प ‘अ’ गटातला असेल तर दिल्लीची तज्ज्ञ समिती, म्हणजे ईएसी, तपासते आणि मंत्रालय निर्णय देतं. ‘ब’ गटातला असेल तर राज्यातली समिती आणि राज्य प्राधिकरण. ‘ब’ मध्येही बी-1 ला पूर्ण अभ्यास लागतो, बी-2 ला लागत नाही. गट कोणता हे मुख्यतः आकारावर ठरतं. बांधकामाला 20,000 चौरस मीटर बांधीव क्षेत्रापासून ही अधिसूचना लागू होते. त्यामुळे साडेएकोणीस हजारांचा प्रकल्प दिसला की शेजारच्या भूखंडावर त्याच मालकाचा दुसरा साडेएकोणीस हजारांचा आहे का, हे बघ. तुकडे पाडून मर्यादेखाली राहणं ही फार जुनी युक्ती आहे.

बी-1 किंवा ‘अ’ असेल तर क्रम असा. अर्ज येतो, समिती अभ्यासाची व्याप्ती ठरवून देते. त्याला टीओआर म्हणतात. मग प्रकल्पधारक सल्लागार नेमतो आणि साधारण 10 किलोमीटरच्या परिघात हवा, पाणी, माती, आवाज, जीवसृष्टी यांची मूळ स्थिती मोजली जाते, पावसाळा सोडून एका ऋतूची. मसुदा अहवाल तयार होतो, जनसुनावणी होते, तिथले मुद्दे घालून अंतिम अहवाल समितीपुढे जातो. समितीला 60 दिवस, त्यानंतर निर्णयाला 45 दिवस.

खोट कुठे राहते ते सांगतो. सल्लागाराचे पैसे प्रकल्पधारक देतो, त्यामुळे प्रतिकूल निष्कर्ष असलेला अहवाल जवळजवळ निघतच नाही. तरी असा अहवाल निरुपयोगी म्हणून बाजूला टाकू नकोस. निष्कर्ष सोड आणि तक्ते वाच. अहवालाची रचना अधिसूचनेनंच ठरवून दिली आहे. तिसऱ्या प्रकरणात मूळ स्थिती असते आणि चौथ्यात परिणाम. तिसऱ्यात ओढा नोंदलेला असतो आणि चौथ्यात तो गायब झालेला असतो, असं सापडतं. हवेच्या नमुन्यांची ठिकाणं नकाशावर टाकून बघ: वाऱ्याच्या दिशेला एकही केंद्र नाही, असंही सापडेल. पाचवं प्रकरण पर्यायांचं. तिथे बहुधा अर्धं पान असतं आणि त्यात पर्याय सोडून सगळं असतं. प्राणी-वनस्पतींची यादी त्या भागातल्या एखाद्या जाणत्या माणसाला दाखव. कोकणातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालाचा मजकूर निघाल्याचं उजेडात आलं होतं. हा प्रकार अतिशयोक्तीचा नाही.

परिवेश हे मंत्रालयाचं मंजुऱ्यांचं संकेतस्थळ 2018 पासून आहे. प्रत्येक प्रस्तावाचा क्रमांक, अर्ज, समितीच्या बैठकीचं इतिवृत्त आणि बऱ्याचदा प्रकल्पाच्या हद्दीची केएमएल फाइलही तिथे मिळते. ती फाइल गूगल अर्थवर उघड. नाला हद्दीच्या आत आहे की बाहेर, शाळा किती अंतरावर, जुनी खाण आधीपासून खोदलेली आहे का, हे दहा मिनिटांत दिसतं. अर्जात ‘500 मीटरच्या आत जलस्रोत नाही’ असं लिहिलेलं असताना चित्रात ठसठशीत तलाव दिसला, तर तो एकच मुद्दा दहा भाषणांना भारी पडतो.

जनसुनावणीबद्दल दोन गैरसमज आहेत. पहिला, तिथे मतदान होतं. होत नाही. गणपूर्तीचीही अट नाही. हजार लोकांनी विरोध केला म्हणून प्रकल्प रद्द होत नाही आणि दहाच लोक आले म्हणून सुनावणी बाद होत नाही. दुसरा, म्हणून तिला जाण्यात अर्थ नाही. अर्थ आहे, कारण तिथे नोंदलेल्या प्रत्येक मुद्द्याला प्रकल्पधारकाला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि समितीला ते बघावं लागतं. नोटीस किमान 30 दिवस आधी, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात यायला हवी. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा महापालिका, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी ठेवलेला हवा आणि त्याचा सारांश मराठीत हवा. सुनावणी राज्याचं प्रदूषण मंडळ भरवतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या खाली नसलेला त्यांचा प्रतिनिधी. संपूर्ण चित्रीकरण होतं. आणि शेवटी मांडलेल्या मुद्द्यांचा सारांश तयार करून तिथल्या तिथे स्थानिक भाषेत समजावत वाचून दाखवायचा असतो. लोक घोषणा देऊन निघून जातात आणि नेमकं हे वाचन ऐकायला कोणी उरत नाही. तू थांब. तुझा मुद्दा कसा लिहिला गेला ते ऐक, चुकला असेल तर तिथेच दुरुस्त करून घे. लेखी निवेदन अहवालाच्या पान क्रमांकासह दे आणि पोच घे.

ग्रामसभेची गोष्ट मात्र वेगळी आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेला जे स्थान आहे ते जनसुनावणीला नाही. ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 2013 च्या निकालानंतर 12 ग्रामसभा भरल्या, बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला आणि पुढे मंत्रालयानं मंजुरी नाकारली. पण वनहक्क कायदा हा आदिवासी कार्य मंत्रालयाचा विषय आहे, पर्यावरण मंत्रालयाचा नाही. या दोन दारांमधल्या बोळात अनेक गावांची वर्षं गेली आहेत.

आता पत्राचा मुख्य भाग. एक ईसी पत्र काढ आणि समोर ठेव. वर फाइल क्रमांक आणि प्रस्ताव क्रमांक. मग प्रकल्पाचं वर्णन: क्षेत्र, क्षमता, अक्षांश-रेखांश, पाण्याची गरज, खर्च, जवळच्या अभयारण्याचं अंतर. मग समितीच्या बैठकीचा उल्लेख. मग अटी, काही खास त्या प्रकल्पासाठी आणि काही त्या उद्योगाच्या ठरावीक. शेवटी हरित न्यायाधिकरणाकडे अपील करण्याबद्दलची ओळ. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत प्रकल्पधारकानं दोन स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात द्यायची असते आणि दर वर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला अटींच्या अनुपालनाचा सहामाही अहवाल द्यायचा असतो. हे अहवाल अधिसूचनेनुसार सार्वजनिक दस्तऐवज आहेत.

एकच अट घेऊन बघू. ‘एकूण क्षेत्राच्या 33 टक्के भागावर हरितपट्टा, हेक्टरी 2,500 झाडं.’ बऱ्याच उद्योगांच्या पत्रात ही असते. समजा भूखंड 40 हेक्टरचा आहे. म्हणजे हरितपट्टा 13.2 हेक्टर, झाडं 33,000. आता अनुपालन अहवाल उघड. समोरच्या रकान्यात लिहिलेलं असेल: ‘पूर्तता केली. 5,000 रोपे लावली.’ वाचायला छान वाटतं. पण 5,000 रोपं म्हणजे या हिशोबानं 2 हेक्टर. उरलेले 11.2 हेक्टर कुठे आहेत? लावलेल्यांतली जगली किती? जाती कोणत्या? हद्दीच्या कडेनं आहेत की कार्यालयापुढच्या बागेत? पुढचा अहवाल काढ, तिथे अक्षर न अक्षर तेच वाक्य असेल. त्याच्या पुढच्यातही. मग गूगल अर्थची मागच्या पाच वर्षांची चित्रं एकाखाली एक लाव. तुझं काम झालं. यापुढे आरोप करायची गरज नाही, आकडे समोर ठेवले की पुरतं.

अशाच प्रकारे पाण्याची अट, राखेची अट, धुळीची अट वाचायची. ‘नोंद घेतली’, ‘मान्य आहे’, ‘काम सुरू आहे’ ही उत्तरं म्हणजे पूर्तता नव्हे.

हे मंत्रालयाला कळत नाही असं समजू नकोस. त्याची प्रादेशिक कार्यालयं आहेत, महाराष्ट्रासाठी नागपूरला. तिथले शास्त्रज्ञ प्रकल्पांना भेट देतात, अहवाल लिहितात, उल्लंघनं नोंदवतात. पण दंड करायचा, बंद करायचा निर्णय त्यांच्या हातात नसतो. महालेखापरीक्षकांच्या 2016 च्या अहवालानं नेमकं यावर बोट ठेवलं होतं: प्रादेशिक कार्यालयांना कसूर करणाऱ्यांवर कारवाईचा अधिकारच दिलेला नाही. मंजुरी देणाऱ्या यंत्रणेला दिवस मोजून दिलेले आहेत, उशीर झाला तर वरून विचारणा होते. पाठपुरावा करणाऱ्या यंत्रणेला असं घड्याळ नाही. माझ्या मते मंत्रालयाच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ या असमतोलात आहे, अमुक मंत्री चांगले की तमुक, यात नाही. पैशांचं म्हणशील तर 2025-26 च्या अर्थसंकल्पात मंत्रालयाला सुमारे 3,400 कोटी रुपये होते. केंद्राच्या दर हजार रुपयांतले सत्तर पैसेही नाहीत.

शिक्षेचं स्वरूपही बदललं आहे. पूर्वी 1986 च्या कायद्याचा भंग केला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. 2023 च्या जनविश्वास कायद्यानं कैद काढून 10 हजार ते 15 लाख रुपयांपर्यंतचा आर्थिक दंड आणला. 1 एप्रिल 2024 पासून तो लागू आहे. खटले वर्षानुवर्षं रेंगाळायचे हे खरं, पण मोठ्या उद्योगाला 15 लाख ही रक्कम किरकोळ खर्चात बसते.

न्यायाकडे जायचं तर मुदती पाठ कर, कारण चांगली प्रकरणं मुदतीत मरतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण 2010 पासून आहे, पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात. मंजुरीला आव्हान द्यायचं तर कलम 16 खाली 30 दिवस. सबळ कारण दिलं तर आणखी 60. नव्वदाव्या दिवसानंतर दार बंद, कारण कितीही खरं असो. इतर पर्यावरणीय वादांना कलम 14 खाली सहा महिने, नुकसानभरपाईला कलम 15 खाली पाच वर्षं, दोन्हीला वर 60 दिवस. दिवस मोजायला कधीपासून सुरुवात करायची यावरच अर्धे वाद होतात, म्हणून जाहिरातीचं कात्रण तारखेसह जपून ठेव. आणखी एक खाचखळगा: न्यायाधिकरणाच्या अनुसूचीत सात कायदे आहेत, त्यांत वन्यजीव कायदा नाही आणि वनहक्क कायदाही नाही. त्या कायद्यांच्या प्रश्नाला उच्च न्यायालयाचा रस्ता.

मंत्रालयाच्या हातात जे नाही, तेही नीट माहीत असू दे. नद्यांचं काम आता जलशक्ती मंत्रालयाकडे आहे, भूजलाची परवानगीही तिकडेच. गल्लीतला कचरा महापालिकेचा. नियम दिल्लीनं केले तरी झाडू तिच्या हातात. कारखान्याच्या धुराची तक्रार आधी राज्याच्या मंडळाकडे. हवामान बदलाच्या परिषदांत देशाची बाजू हे मंत्रालय मांडतं, पण 2008 च्या राष्ट्रीय कृती आराखड्यातली आठांपैकी बहुतेक अभियानं ऊर्जा, कृषी अशा दुसऱ्या मंत्रालयांकडे आहेत. चुकीच्या कार्यालयाला लिहिलेलं उत्तम पत्रसुद्धा ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ फिरत राहतं.

आकडे वाचतानाही सावध राहा. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था दर दोन वर्षांनी वनस्थितीचा अहवाल काढते. 2023 च्या अहवालात वनाच्छादन 7,15,343 चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या 21.76 टक्के. पण तिथल्या व्याख्येत एक हेक्टरपेक्षा मोठा आणि 10 टक्क्यांहून जास्त वृक्षछत्र असलेला कोणताही तुकडा येतो. मालकी कोणाची आणि झाड कोणतं हे बघत नाहीत. त्यात आमराई येते, निलगिरीची लागवडही येते. आकडा खोटा नाही. पण ‘जंगल वाढलं’ असं त्यावरून म्हणणं चूक.

आणि मसुदा म्हणजे निर्णय नव्हे. पश्चिम घाटाचंच घे. गाडगीळ समितीचा अहवाल 2011 चा, कस्तुरीरंगन गटाचा 2013 चा. त्यानंतर 2014 पासून जुलै 2024 पर्यंत संवेदनशील प्रदेश ठरवणाऱ्या सहा मसुदा अधिसूचना निघाल्या, सहा राज्यांतलं सुमारे 56,825 चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यात महाराष्ट्राचं 17,340. मुदत संपते, नवा मसुदा निघतो. तुझ्या गावाचं नाव यादीत आहे का, हे बघताना तारीख कोणत्या मसुद्याची हेही बघ.

नोकरीचं विचारलं आहेस. भारतीय वन सेवेचं नियंत्रण या मंत्रालयाकडे आहे. परीक्षा लोकसेवा आयोगाची, प्रशिक्षण डेहराडूनला. मंत्रालयात आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळात शास्त्रज्ञांची स्वतंत्र पदं असतात, आणि तज्ज्ञ समितीचा सदस्य-सचिव हा बहुधा असाच शास्त्रज्ञ. फाइल कशी लिहिली जाते ते तिथे कळतं. सल्लागार संस्थांना नावं ठेवणारे पुष्कळ भेटतील. तरी सुरुवातीची दोन वर्षं तिथे क्षेत्रकाम करणं मला वाईट वाटत नाही, एकाच अटीवर: जे मोजलं नाही त्यावर सही करायची नाही. नमुना घेणारं यंत्र रात्री बंद पडलं तर तक्त्यात आकडा कुठून येतो, हे बाहेरून कधीच कळत नाही. त्याखेरीज क्यूजीआयएस ही नकाशे हाताळायची संगणक प्रणाली शिक, आणि राजपत्राचं इंग्रजी आणि हिंदी दोन्ही सरावाचं कर. अर्थावर वाद झाला की दोन्ही पाठ शेजारी ठेवावे लागतात.

आता लगेच करायचं काम. तुझ्या तालुक्यातला ईसी मिळालेला, निदान तीन वर्षं जुना एक प्रकल्प परिवेशवर शोध. ईसी पत्र उतरवून घे, अटींना क्रमांक दे, चार रकान्यांचा तक्ता कर: अट, त्यात मोजता येण्याजोगं काय, अहवालात काय लिहिलं, जागेवर किंवा उपग्रहचित्रात काय दिसतं. शेवटचे तीन सहामाही अहवाल संकेतस्थळावर नसतील तर नागपूर कार्यालयाला माहिती अधिकारात अर्ज कर. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात ‘सर्व माहिती द्या’ असं लिहू नकोस; प्रस्ताव क्रमांक, ईसीची तारीख आणि कोणत्या सहामाहींचे अहवाल हवेत ते लिही, शिवाय कार्यालयाच्या शेवटच्या पाहणीचा अहवाल स्वतंत्र मुद्द्यात माग. तक्ता भरला की मला पाठव, पहिल्या दहा अटी आपण बरोबर वाचू.

कळावे.